डिस्प्ले जातो-येतो तेव्हा

घरच्या संगणकाचा डिस्प्ले कायमचा गेला तर पुढचं ठरवणं सोपं असतं. दुरुस्तीवाल्याला दाखवायचं, खराब भाग बदलून घ्यायचा. खरा त्रास देतो तो अधूनमधून येणारा दोष. काम चालू असताना स्क्रीन दोन सेकंद काळी होते आणि आपोआप परत उजळते. कधी दिवसातून एकदा, कधी चार दिवस काहीच नाही, आणि मग एखाद्या संध्याकाळी अर्ध्या तासात पाच-सहा वेळा. कॅबिनेट उचलून दुकानात न्यावं तर तिथे दिवसभर चालू ठेवूनही डिस्प्ले एकदाही जात नाही. मग दुरुस्तीवाला विंडोज नव्याने टाकून देतो किंवा अंदाजाने एखादा भाग बदलतो, आणि घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा तेच सुरू होतं.

अशा अंदाजाच्या दुरुस्तीत सामान्य घरांचे पैसे वाया जातात, याचं मला फार वाईट वाटतं. मुलांचा अभ्यास, कुणाचं टायपिंग, कुणाचे सोसायटीचे हिशेब, नोकरीचे ऑनलाइन अर्ज, हे सगळं एकाच यंत्रावर चालणाऱ्या घरात नवा मॉनिटर किंवा नवा मदरबोर्ड हा किरकोळ खर्च नसतो. आणि पुष्कळदा शेवटी निघतं काय, तर सैल बसलेली केबल, नाहीतर भिंतीतला खिळखिळा झालेला पॉइंट.

जाऊन-येऊन असणारा दोष लहरी वाटतो, पण त्याला कसली ना कसली अट असते. उष्णता, हालचाल, विजेचा दाब, हवेतला ओलावा, एखादा ठरावीक प्रोग्राम. ती अट जुळून आली की दोष दिसतो, नसली की दिसत नाही. दुकानात केबल त्यांची, मॉनिटर त्यांचा, वीज त्यांची, टेबलसुद्धा त्यांचं. आपल्या घरातली अट तिथे नसतेच. म्हणून या दोषाचं निदान जिथे तो येतो तिथेच, म्हणजे घरी, आणि शक्यतो तो हजर असतानाच करावं लागतं. थंडीतापाच्या रोग्याला जुने डॉक्टर आधी विचारायचे की ताप रोज येतो की दिवसाआड, किती वाजता चढतो, थंडी वाजून येतो का. आपल्यालाही आधी तेच विचारायचं आहे.

पेचकस हातात घेण्याआधी वहीचं एक पान घ्या. डिस्प्ले गेला की वेळ लिहा. संगणक सुरू करून किती वेळ झाला होता, कोणता प्रोग्राम उघडा होता, घरात त्याच क्षणी फ्रिज, पाण्याची मोटर, मिक्सर किंवा पंखा सुरू झाला का, कुणी टेबलाला धक्का दिला का, वीज महावितरणची होती की इन्व्हर्टरची. एवढ्या नोंदी दहा-बारा वेळा झाल्या की बहुतेकदा त्यातून काहीतरी साम्य वर येतं. रोज संध्याकाळी सातनंतरच होतं, किंवा चालू केल्यावर अर्ध्या तासानेच होतं, किंवा खुर्चीवरून उठतानाच होतं. ही माहिती कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा मोलाची आहे.

आणखी दोन गोष्टींकडे नीट लक्ष द्या. पहिली, आवाज. गाणं लावून ठेवा. स्क्रीन काळी झाली तरी गाणं अखंड चालू राहिलं तर संगणक जिवंत आहे. दोष चित्र तयार होण्यात, ते मॉनिटरपर्यंत पोचण्यात किंवा मॉनिटरमध्येच आहे. गाणंही अडकलं किंवा एकच सूर घरघरत राहिला तर आख्खं यंत्र गोठतंय, आणि तपास रॅम, उष्णता, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) या दिशेने न्यायला हवा. कॅबिनेटचे पंखे थांबून पुन्हा फिरू लागले तर तो डिस्प्लेचा दोष नाहीच, संगणक बंद पडून परत सुरू होतोय.

दुसरी, मॉनिटरचा छोटा दिवा. तो पूर्ण विझला तर मॉनिटरला वीजच मिळत नाही: अडॅप्टर, पिन किंवा बोर्ड पाहा. दिव्याचा रंग बदलला किंवा तो लुकलुकू लागला, किंवा स्क्रीनवर 'नो सिग्नल' असं आलं, तर मॉनिटर धडधाकट आहे, त्याच्यापर्यंत चित्र येत नाहीये. दिवा तसाच राहिला आणि स्क्रीन मात्र काळी, अशा वेळी खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी तिरकी धरून स्क्रीनवर मारा. पुसटसं चित्र दिसलं तर चित्र येतंय, त्यामागचा उजेड गेलाय. त्यालाच दुरुस्तीवाले बॅकलाइट म्हणतात.

दोष कुणाचा, आधी तेवढंच ठरवा

चित्र संगणकात तयार होतं, केबलमधून जातं आणि मॉनिटरवर उमटतं. या तीन टप्प्यांपैकी कुठे गडबड आहे हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. ते ठरवायला दोन फुकटच्या चाचण्या आहेत आणि त्या फार थोड्यांना माहीत असतात.

स्क्रीन थरथरत असेल किंवा तिच्यावर रेघा येत असतील तेव्हा मॉनिटरचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेन्यू उघडा, तो ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचा. हा मेन्यू संगणकाकडून येत नाही, मॉनिटर तो स्वतः काढतो. मागचं चित्र थरथरतंय आणि मेन्यू स्थिर आहे, तर मॉनिटर बहुधा निर्दोष. मेन्यूसुद्धा सोबत थरथरतोय, त्याच्यावरूनही रेघा जातात, तर दोष मॉनिटरचा किंवा त्याला मिळणाऱ्या विजेचा.

दुसरी चाचणी स्क्रीनशॉटची. स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकडे, रेघा दिसत असताना विंडोजची खूण असलेली कळ आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबा. चित्र साठवलं जाईल. ते मोबाइलवर पाठवून उघडा. ठिपके त्यातही असतील तर ते संगणकातच तयार झाले आहेत: ग्राफिक्स कार्ड, ते चालवणारा प्रोग्राम म्हणजे त्याचा ड्रायव्हर, किंवा रॅम. साठवलेलं चित्र स्वच्छ असेल तर केबल-मॉनिटरच्या बाजूला संशय जास्त. याबरोबरच मोबाइलने स्क्रीनचा व्हिडिओही काढून ठेवा, पुढे दुकानात तो लागणार आहे.

मॉनिटरवर शिक्का मारण्याआधी एक बघा. ब्राइटनेस शंभरवर नेल्यावर थरथर थांबते का? बरेच मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी बॅकलाइट फार वेगाने चालू-बंद करतात. काहींच्या डोळ्यांना ते जाणवतं आणि डोकं दुखतं. तो बिघाड नाही, त्या मॉनिटरची रचनाच तशी आहे. ब्राइटनेस वर ठेवून कॉन्ट्रास्ट कमी केला की पुष्कळ आराम पडतो.

घरात टीव्हीला एचडीएमआय असेल तर संगणक एक-दोन दिवस टीव्हीला जोडून वापरा, आणि मॉनिटरला एखादा लॅपटॉप जोडा. दोष कुणाबरोबर जातो ते पाहा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, मॉनिटर आणि पॉइंट एकदम बदलले आणि दोष गेला, तर तिन्हींपैकी कोण गुन्हेगार होतं हे कधीच कळणार नाही.

केबल

माझ्या मते संशयितांच्या यादीत केबल सर्वांत वर असायला हवी, आणि नेमकी तिचीच तपासणी लोक सर्वांत वरवर करतात. 'केबल हलवून बघितली' एवढं पुरत नाही.

आधी जुनी निळ्या टोकाची व्हीजीए. आयबीएमने १९८७ साली आणलेली ही जोडणी आजही आपल्याकडे कितीतरी घरांत आणि सायबर कॅफेंत चालू आहे. तिच्यातून लाल, हिरवा, निळा हे तीन रंग वेगवेगळ्या पिनांवरून जातात, त्यामुळे ती आजारी पडली की रंगावरून सांगते. स्क्रीन अधूनमधून पिवळी पडत असेल तर निळ्याची पिन नीट टेकत नाही. गुलाबी-जांभळी होत असेल तर हिरव्याची, आणि हिरवट आकाशी झाली तर लालची. केबल काढून टोकात डोकावा. वाकलेली पिन चिमट्याने हलकेच सरळ करता येते. पंधरापैकी एक, नवव्या क्रमांकाची पिन मात्र अनेक केबलींत मुळातच नसते. ती तुटली म्हणून घाबरू नका. परत लावताना दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने पिळून घट्ट करा. ते शोभेसाठी नसतात. सैल लोंबणारी व्हीजीए हे डिस्प्ले जाण्या-येण्याचं अगदी ठरलेलं कारण आहे.

एचडीएमआयचं वागणं वेगळं. तिच्यात सिग्नल थोडा बिघडला तर चित्र थोडं बिघडत नाही. बराच काळ सगळं उत्तम दिसतं, मग स्क्रीनवर पांढरे ठिपके चमकून जातात, आणि त्यापुढे थेट काळी स्क्रीन. संगणक आणि मॉनिटर एकमेकांची ओळख पुन्हा पटवून घेतात, त्यात एक-दोन सेकंद जातात, आणि चित्र परत येतं. दोन सेकंद काळी होऊन आपोआप येणाऱ्या स्क्रीनचं हे नेहमीचं कारण. मॉनिटर ४के असेल तर केबलवरचा भार फुल एचडीच्या चौपट होतो, त्यामुळे जुन्या मॉनिटरवर वर्षानुवर्षं चाललेली केबल नव्यावर दगा देऊ शकते. तपासायची युक्ती सोपी आहे. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट १४४ किंवा ७५ वरून ६० हर्ट्झवर आणा. ४के असेल तर ६० वरून ३० वर. दोन-तीन दिवसांत एकदाही स्क्रीन गेली नाही, तर केबल कमी पडत होती असं धरायला हरकत नाही. नवी घेताना ४केसाठी 'प्रीमियम हाय स्पीड' असं प्रमाणपत्र असलेली घ्या आणि लागेल तेवढ्याच लांबीची घ्या. एक-दीड मीटरची साधी केबल पाच मीटरच्या भारी केबलपेक्षा बहुधा चांगली चालते.

आता तो छोटा एचडीएमआय-ते-व्हीजीए कन्व्हर्टर. नवा संगणक घेतला, मॉनिटर जुनाच ठेवला, की हा येतोच. त्याच्या आत एक चिप असते आणि ती चालायला वीज लागते. ती वीज तो एचडीएमआयच्या पोर्टमधूनच ओढतो, आणि त्या पोर्टमधून ५ व्होल्टवर फार थोडा प्रवाह मिळतो. कन्व्हर्टर तापला किंवा त्याची भूक जास्त असली की चित्र जातं, थंड झाला की येतं. डिस्प्ले गेल्यावर त्याला हात लावून पाहा. चांगला गरम लागला तर ज्याला वेगळी यूएसबी वायर जोडून वीज देता येते असा कन्व्हर्टर घ्या. जुन्या मॉनिटरच्या घरांत मी पहिलं बोट याच्याकडे दाखवीन.

वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर केबल कार्डालाच लावली आहे ना, हेही पाहा. सफाई करताना ती काढली जाते आणि परत लावताना मदरबोर्डच्या पोर्टला बसते. मोठी कार्डं स्वतःच्या वजनाने खाली झुकतात, त्यांचा खाचेतला टेकू सुटतो. अशा कार्डांना एसएमपीएसकडून वेगळी वायर येते, बहुतेकदा सहा किंवा आठ पिनांची. ती खट् आवाज येईपर्यंत बसलेली असावी.

वीज

आपल्याकडच्या घरांत या दोषाचं मूळ विजेत असण्याची शक्यता, परदेशी पुस्तकांत लिहितात त्याहून कितीतरी जास्त आहे.

पुष्कळ घरांत कॅबिनेट यूपीएसवर असतं आणि मॉनिटर मात्र भिंतीतल्या साध्या पॉइंटवर. पाण्याची मोटर सुरू होताना दाब क्षणभर खाली येतो. कॅबिनेटला यूपीएस सांभाळून घेतो, मॉनिटर विझून परत लागतो. गाणं चालू राहतं, दिवा विझतो, अशी नोंद वहीत असेल तर हेच समजा आणि मॉनिटरही यूपीएसवर घ्या. यूपीएसची बॅटरी जुनी झाली असेल तर तीही तपासून घ्या. दमलेली बॅटरी वीज जाताच अर्ध्या क्षणात मान टाकते.

घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालत असेल तर त्यावर मोड बदलायची सोय आहे का पाहा. बहुतेकांच्या मागे किंवा पुढे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असे दोन पर्याय असतात. पंखे-दिव्यांसाठी नॉर्मल पुरतं, पण त्यात वीज गेल्यावर बॅटरीवर यायला जरा वेळ लागतो आणि दाबातले मोठे चढ-उतार तो तसेच पुढे पाठवतो. संगणकाला तेवढी उसंत नसते. यूपीएस मोडवर ठेवा. स्क्वेअर वेव्ह प्रकारचा इन्व्हर्टर असेल आणि त्याच्यावर असतानाच स्क्रीन थरथरत असेल, तर दोष संगणकात शोधू नका.

अर्थिंगबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तो डिस्प्लेइतकाच जिवाचा प्रश्न आहे. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागल्यावर मुंग्या येतात, किंवा टेस्टर टेकवला की लुकलुकतो? मग तुमच्या पॉइंटला अर्थिंग नाही, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात कसाबसा घातला आहे. एसएमपीएसमधला विजेचा गोंगाट गाळणारे कपॅसिटर तो पत्र्यावर सोडतात आणि तिथून तो अर्थच्या वायरीने जमिनीत जायचा असतो. अर्थ नसला की तो पत्र्यावरच राहतो, मग एचडीएमआयच्या केबलमार्गे मॉनिटरकडे वाट शोधतो. चित्रात थरथर, अधूनमधून काळी स्क्रीन, आणि चालू स्थितीत केबल लावताना पोर्टच जळणं, हे सगळं त्यातून होतं. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या. काही जण बोर्डाच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून 'झालं अर्थिंग' म्हणतात. ते अजिबात करू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटला तर सगळं कॅबिनेट २३० व्होल्टवर येईल आणि ते मुलांच्या पायाशी असतं.

खुर्चीवरून उठता-बसताना स्क्रीन जाते, असं वहीत आढळलं तर नवल मानू नका. गॅसच्या दांड्यावर वरखाली होणाऱ्या खुर्चीत स्थिर वीज साठते आणि ती सुटते तेव्हा निघालेला धक्का जवळच्या केबलीत शिरून चित्र क्षणभर तोडू शकतो. देशावर डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत हे जास्त जाणवतं. चांगल्या आवरणाची, आखूड केबल आणि नीट अर्थिंग एवढ्याने बहुधा भागतं.

विंडोज आणि ड्रायव्हर

केबल आणि वीज या दोन्ही निर्दोष ठरल्या की मगच इकडे वळा. इथे तपास सोपा आहे, कारण विंडोज स्वतःच नोंदी ठेवतं.

स्क्रीन थरथरत असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. तोही थरथरत असेल तर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर संशय घ्या. तो स्थिर आणि बाकीचं थरथरतंय, तर एखादा प्रोग्राम त्रास देतोय. फक्त ब्राउझरमध्ये व्हिडिओ पाहतानाच होत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये सिस्टम या भागात ग्राफिक्स ॲक्सलरेशन बंद करून दोन दिवस पाहा.

स्टार्टच्या शोधात इव्हेंट व्ह्यूअर लिहून उघडा, विंडोज लॉग्ज आणि त्यात सिस्टम. वहीतल्या वेळा घेऊन बसा. त्याच मिनिटाला 'डिस्प्ले' नावाची ४१०१ क्रमांकाची नोंद सापडली तर ग्राफिक्स ड्रायव्हर उत्तर द्यायचा थांबला आणि विंडोजने त्याला परत उभं केलं, असा तिचा अर्थ. व्हिस्टापासून विंडोजमध्ये ही सोय आहे: ग्राफिक्सकडून साधारण दोन सेकंद उत्तर आलं नाही की ते त्याला नव्याने सुरू करतं. 'कर्नल-पॉवर' नावाची ४१ क्रमांकाची नोंद असेल तर यंत्र नीट बंद न होता थांबलं होतं, म्हणजे बहुधा वीज, एसएमपीएस किंवा उष्णता. आणि त्या मिनिटाला काहीच नोंद नसेल, तर विंडोजला काही घडल्याचा पत्ताच नाही. पुन्हा केबल आणि मॉनिटरकडे जा.

स्क्रीन काळी होऊन तशीच राहिली, पण आवाज चालू आहे, तर बटण दाबून संगणक बंद करण्याआधी विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. बीप ऐकू येतो, स्क्रीन लुकलुकते आणि ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. न साठवलेलं काम वाचतं.

दोष नेमका एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरवर जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. नवा ड्रायव्हर घ्यायचा तर संगणकाच्या, मदरबोर्डच्या किंवा ग्राफिक्स चिपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. 'तुमचे सर्व ड्रायव्हर जुने आहेत' असं घाबरवून सांगणारे फुकट प्रोग्राम चुकीचे ड्रायव्हर टाकतात आणि सोबत नको त्या गोष्टी आणतात. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा त्यावर काम करणाऱ्यांनी ड्रायव्हर निवडताना तो विंडोज १०साठीच आहे ना, हे वाचून घ्यावं.

सॉफ्टवेअर की हार्डवेअर, हा वाद मिटवायला एक उत्तम मार्ग आहे. पेन ड्राइव्हवर उबंटूसारखं लिनक्स घ्या आणि काही न बसवता त्यावरूनच संगणक दिवसभर चालवा. तिथेही स्क्रीन जात असेल तर विंडोज नव्याने टाकण्यात काहीही अर्थ नाही. हा एक प्रयोग दुरुस्तीचे कितीतरी व्यर्थ फेरे वाचवतो.

पावसाळा आणि मे महिना

कोकण, मुंबई, गोवा इथल्या वाचकांना पावसाळ्यात एक अनुभव येतो: आठ-दहा दिवस बंद ठेवलेला संगणक सुरू केला की पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही, तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला येतो. खारट दमट हवेने धातूच्या टेकणाऱ्या जागांवर बारीक थर धरतो, आणि पहिला बळी रॅम. बहुतेक घरच्या संगणकांत ग्राफिक्ससाठी वेगळं कार्ड नसतं. चित्रही मुख्य रॅममध्येच साठतं, म्हणून रॅमचा दोष थेट स्क्रीनवर दिसतो.

रॅम काढून लावणं घरी जमण्यासारखं आहे. संगणक बंद करा, पिन भिंतीतून काढा, चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. खाचेच्या कडेची खिटी दाबून पट्टी वर काढा, सोनेरी कडेला बोट न लावता. कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. दुकानांत खोडरबर वापरतात. त्याने काम होतं, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि रबराचा चुरा खाचेत पडला तर नवा दोष तयार होतो. पट्टी परत बसवताना खट् आवाज यायला हवा. दोन पट्ट्या असतील तर दोन-दोन दिवस एकेक लावून पाहा, वाईट कोणती ते कळतं. त्यानंतर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा. पावसाळ्यात यंत्र रोज अर्धा तास चालू ठेवलं तर आतली ऊब ओलावा टिकू देत नाही.

विदर्भ-खानदेशातलं दुखणं उलट. पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा कॅबिनेटच्या आत काय होत असेल? त्यात संगणकाच्या टेबलांना कॅबिनेट ठेवायला दार असलेला बंद कप्पा असतो. ते दार काढूनच टाका. सुरू केल्यापासून वीस-तीस मिनिटांनी किंवा गेम खेळतानाच स्क्रीन जात असेल, तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं, ते पाहत राहा. डिस्प्ले दर वेळी साधारण त्याच अंशाला जात असेल तर उत्तर मिळालं. धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या झोताने पंखा भन्नाट फिरला तर खराब होतो. चार-पाच वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट बदलून घ्यावी.

एसएमपीएस आणि मॉनिटर यांचं आवरण मात्र घरी उघडायचं नाही. पिन काढल्यावरही त्यांच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज शिल्लक असू शकते.

लॅपटॉप असेल तर

स्क्रीन हळूहळू पुढे-मागे करा. ठरावीक कोनात चित्र जात असेल तर बिजागरीतून जाणारी बारीक केबल झिजली आहे. तेवढीच बदलता येते, आख्खं पॅनेल बदलायला लगेच हो म्हणू नका. टीव्ही जोडून पाहा: तिथे चित्र सतत स्वच्छ आणि लॅपटॉपवर तुटक, तर केबल किंवा पॅनेल. चार्जर काढल्यावरच थरथरत असेल तर तो बहुधा वीज वाचवण्याच्या सेटिंगचा परिणाम असतो. इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये 'पॅनेल सेल्फ रिफ्रेश' बंद करून पाहा.

झाकण मिटलं हे लॅपटॉपला चुंबकावरून कळतं. त्यामुळे चुंबकाचं बटण असलेलं मोबाइलचं पाकीट किंवा चुंबकी पट्ट्याचं घड्याळ कीबोर्डच्या कडेला आलं की स्क्रीन बंद होऊ शकते. मात्र टचपॅड वर उचललं गेलं असेल किंवा तळ फुगला असेल तर तपास तिथेच थांबवा. बॅटरी फुगली आहे. लॅपटॉप बंद करून, चार्जर न लावता दुकानात न्या.

दुकानात जाताना

आधी कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. वॉरंटी शिल्लक असेल तर सील तोडू नका. कॅबिनेटबरोबर तुमची केबल, कन्व्हर्टर आणि शक्य असल्यास मॉनिटरही न्या. वहीचं पान आणि व्हिडिओ दाखवा. 'डिस्प्ले जातो' एवढ्यावर थांबू नका. 'सुरू केल्यावर पंचवीस मिनिटांनी जातो, आवाज चालू राहतो, मेन्यू स्थिर असतो, लिनक्सवरही होतं, केबल बदलून पाहिली' असं सांगितलं तर चांगला दुरुस्तीवाला खूश होतो आणि नेमक्या जागी हात घालतो. बदललेला भाग परत मागा.

दोष गेला असं वाटलं की अजून एक पायरी राहते, आणि ती जवळजवळ कुणीच करत नाही. नवी केबल लावून आठवडाभर काही झालं नाही, तर जुनी केबल मुद्दाम परत लावा आणि दोष परत येतो का ते पाहा. आला, तर निदान पक्कं. नाही आला, तर केबल काढता-घालताना पोर्ट साफ झालं होतं किंवा हवा बदलली होती, आणि वही पुढे चालू ठेवायला हवी. निदान पक्कं झालेली केबल टेबलाच्या खणात टाकून ठेवू नका, सहा महिन्यांनी घरातलं कुणीतरी ती चांगली समजून परत लावतं. तिची दोन्ही टोकं कापा आणि ती ई-कचऱ्यात द्या.